गंगाधरपंतांचं पहिलं प्यादं

कचेरीतले कारकून गंगाधरपंत बुद्धिबळाचा पहिला मोहरा हलवायला जेवढा वेळ लावत, तेवढ्यात एखादा माणूस नव्या पेठेतली सगळी खरेदी उरकून घरी पोचला असता. आधी पगडी उतरवायची, उपरण्यानं पट पुसायचा, घोड्यांची तोंडं सारखी करायची. अर्जाला जसा मायना नीट हवा, तसा डावाला आरंभ, असं त्यांचं ठाम मत. मग कुठं वजिरापुढचं प्यादं एक घर सरके आणि सिद्धाप्पाच्या कापडदुकानाच्या ओट्यावर जमलेली मंडळी ‘सुटलो’ म्हणत.

सिद्धाप्पा मात्र कधी कुरकुरला नाही. रोज संध्याकाळी तो पंतांची वाट बघे आणि रोज त्यांना हरवे. पण १९२८ सालच्या श्रावणात तो मेहुण्याकडे कुर्डुवाडीला गेला आणि तिथल्या रेल्वेबाबूंकडून नवंच खूळ घेऊन आला. आल्या दिवशी त्यानं पहिल्याच चालीला प्यादं दोन घरं ढकललं.

“हे काय?” पंत ओरडले.

“विलायती रीत हाय की, पंत. पयल्या चालीला दोन घरं जातंय.”

“पायदळातला शिपाई तो! त्याला काय पंख फुटले? लबाडी आहे ही, सिद्धाप्पा!”

हा शब्द सिद्धाप्पाच्या वर्मी लागला. उभ्या जन्मात त्यानं गजामागे बोटभर कापड कमी दिलं नव्हतं. त्यानं मोहरे गोळा केले. “मग लबाडाच्या वट्यावर येऊ नगा,” तो म्हणाला.

पंत पुन्हा ओट्याकडे फिरकले नाहीत. दसरा गेला, दिवाळी गेली. घरी ते एकटेच दोन्ही बाजूंनी डाव मांडत. बायको यशोदाबाई म्हणाल्या, “दोन्हीकडून तुम्हीच, तरी रोज हरल्यासारखं तोंड कसं?”

सिद्धाप्पावाचून पंतांना अन्न गोड लागत नव्हतं, हे खरं. पण आधी जायचं कुणी? संक्रांतीला ते तिळगूळ कागदात बांधून निघाले, पेठेच्या तोंडाशीच घुटमळले आणि परतताना सगळा स्वतःच खाऊन आले. जन्मभर पहिल्या चालीचा विचार केलेला माणूस, पण ही चाल काही त्यांना जमेना.

शेवटी यशोदाबाईंनी फर्मावलं, “मला चोळीचा खण हवाय. सिद्धाप्पांच्याच दुकानातला. आणि तुम्हीच आणायचा.”

पंत ओट्यापाशी येऊन उभे राहिले. सिद्धाप्पानं वर पाहिलं. हातातलं ठाण बाजूला सारून त्यानं पट अंथरला आणि मोहरे मांडले. पंत बसले. बसल्याबरोबर त्यांनी प्यादं उचललं आणि दोन घरं पुढं ठेवलं.

“लबाडी म्हणालो, ते चुकलं माझं,” ते म्हणाले.

सिद्धाप्पानं पंतांचं प्यादं उचललं आणि एक घर मागं घेतलं.

“असं पळवलं की डाव लौकर सरतोय, पंत,” तो म्हणाला. “मला कुटं घाई हाय?”