गच्चीवरचं मिठागर

तारीख १ फेब्रुवारी २००९, रविवार. रक्कम अकराशे रुपये. हजर माणसं चार: मी, बायको, मुलगी आणि माझे सासरे. जागा, सुकापूरच्या आमच्या घरातली बाहेरची खोली.

मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं. खर्चाचा कागद मी पाचव्यांदा नव्याने लिहीत होतो आणि रुखवताच्या ओळीपुढे अकराशे हा आकडा घातला होता. पनवेलच्या बाजारात थर्माकोलच्या महालासकट सजवलेलं रुखवत एका दिवसाच्या भाड्याने अडीच हजारांना मिळत होतं. मी तेही विचारून आलो होतो.

"पप्पा, भाड्याचं रुखवत सासरी कसं नेणार?" मुलगी म्हणाली. "मला टेम्पोत बसवाल आणि महाल दुकानात परत?"

"घरीच करू," बायको म्हणाली. "अकराशेतले उरतीलसुद्धा."

सासरे खिडकीपाशी बसले होते. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, ते आमच्याकडेच राहत होते. आयुष्यभर उरणच्या बाजूला त्यांचं मिठागर होतं. ते सरकारी भूसंपादनात गेलं, पैसे आले, मुलग्यांत वाटले गेले. त्यांच्या वाट्याला आमची ही खिडकी आली होती. ते सहसा कशात बोलत नसत. त्या दिवशी म्हणाले, "माजी पन एक वस्तू घ्याल का?"

"कोणती, आजोबा?"

"मिठागर."

मुलगी हसली, मग त्यांचा चेहरा बघून थांबली. ते म्हणाले, "बाय, माज्याकडं तुला द्यायला दुसरं काय नाय. जमीन असती तं जमीन दिली असती."

त्यानंतरचे तीन महिने मला आजही सलग असे आठवत नाहीत. उन्हात डोळे मिटले की पापण्यांच्या आत जसा तांबूस उजेड राहतो, तसे ते राहिले आहेत. मी पनवेलला एका कचेरीत हिशेब लिहायचं काम करत होतो. संध्याकाळी घरी यायचो तेव्हा दारातच भिजवलेल्या रद्दीचा आणि मेथीचा वास यायचा. बायको जुनी वर्तमानपत्रं बादलीत भिजवून, त्यांत मेथीची पूड घालून लगदा कुटायची. त्या लगद्याच्या टोपल्या, परड्या, सुपल्या जमिनीवर ओळीने वाळत पडायच्या. चालताना सगळ्यांनी पाय उचलून टाकायचे, असा घरात नियमच झाला होता. मुलगी जुन्या साड्यांच्या काठांची फुलं करायची. टीव्ही बंद असायचा, कारण टीव्हीच्या टेबलावर फुलं होती. त्या तीन महिन्यांत विजेचं बिल एकशे दहा रुपयांनी कमी आलं, हे मी लिहून ठेवलं होतं. बाकीचं कसं लिहायचं ते मला माहीत नव्हतं.

मिठागराला तळ म्हणून स्वयंपाकघरातल्या जुन्या कपाटाचं एक दार घेतलं, तीन फूट बाय दोन फूट. त्यावर सासऱ्यांनी बायकोकडून लगदा मागून घेतला आणि बोटांनी बांध घातले. चोवीस खाचरं केली. पाण्यासाठी आरशाचे तुकडे हवे होते. ते काचेच्या दुकानात कापून उरलेले मिळाले, वीस रुपयांत पिशवीभर. भरतीचं पाणी आत घ्यायची उघाडी त्यांनी काडेपेटीच्या लाकडाची केली. ती वरखाली होत असे.

डावीकडचा एक बांध वाकडा झाला होता. मी पट्टी घेऊन तो सरळ करायला गेलो.

"जावईबापू, राऊद्या," ते म्हणाले. "तो वाकडाच व्हता. माज्या बापानं घातलेला."

मुलीने काड्यांच्या सात बायका केल्या. प्रत्येकीला साडीच्या चिंधीचं लुगडं आणि डोक्यावर पिस्त्याच्या टरफलाची पाटी. दिवाळीत कचेरीतून मिळालेल्या डब्यातले पिस्ते आम्ही कधीच खाल्ले होते, पण टरफलं बायकोने ठेवली होती. कशाला, असं मी तेव्हा विचारलं होतं.

सगळं झालं, फक्त मीठ राहिलं. मी किराणावाल्याकडून जाड्या मिठाची पिशवी आणली. सासऱ्यांनी एक खडा उचलला, उजेडात धरला आणि पिशवी परत माझ्या हातात दिली.

"दुसऱ्याचं मीठ माज्या मिठागरात?"

मग ते स्वतः पाणी आणायला निघाले. पाच पाच लिटरचे दोन कॅन घेऊन, एसटीच्या अर्ध्या तिकिटावर, उरणच्या बाजूला. भरतीची वेळ त्यांना विचारावी लागत नसे. पहिल्या खेपेला मी बरोबर होतो. येताना कंडक्टरने कॅनला पाय लावून बघितलं.

"आजोबा, रॉकेल काय?"

"पानी हाय."

"पनवेलला पाण्याची बोंब आहे म्हणून उरणहून नेताय?"

"खारं हाय. चाखून बघा, वाईच."

सगळी गाडी हसली. कंडक्टरने सामानाचे पैसे घेतले नाहीत.

पाणी गच्चीवर गेलं. निवडणुकीचे दिवस होते. कुणा उमेदवाराचा फाटका फ्लेक्स नाक्यावर पडलेला, तो सासऱ्यांनी घडी घालून आणला होता. गच्चीच्या कोपऱ्यात तो पसरून चारी बाजूंना विटा लावल्या, कडा वर दुमडल्या आणि आत पाणी ओतलं. दोन बोटं खोल. तळाशी तो उमेदवार हात जोडून हसत होता.

"बाबा, निदान उलटा तरी टाका," बायको म्हणाली.

"असूदे. पयल्यांदाच कामाला आलाय."

एप्रिलच्या त्या दिवसांत संध्याकाळी मी कचेरीतून आलो की चहा घेऊन थेट गच्चीवर जात असे. सासरे विटेवर बसलेले असत. पाण्यात आकाश असे, कडेला टाक्या आणि अँटेना उलटे उभे असत, त्यांच्याखाली उमेदवाराचे जोडलेले हात. वारा आला की ते सगळं मिळून हलायचं. चौथ्या दिवशी कडेला पांढरी रेघ दिसू लागली, साखरेच्या पाकासारखी. पाचव्या दिवशी पाण्यावर सायीसारखा पातळ पापुद्रा आला आणि सासरे उठून उभे राहिले. "धरलं," ते हळूच म्हणाले. मुलगी त्यांच्या शेजारी अनवाणी उभी होती. त्या क्षणी तिच्या लग्नाला पस्तीस दिवस उरले होते, एवढंच मला सुचलं, आणि ते मी बोललो नाही, याचा मला अजून आनंद आहे.

एका खेपेच्या दहा लिटरांतून पावशेराहून थोडं जास्त मीठ आलं. अशा पाच खेपा झाल्या. पण पहिलं मीठ खाली आणलं त्याच दिवशी घरात वाद झाला.

"मीठ लग्नात द्यायचं नाय," बायको म्हणाली. चिडली की तिची भाषा माहेरची व्हायची. "मीठ दिलं की भांडान लागतं. मी मिठावर वाढलेली बाई, मला म्हायत नाय?"

आरशांवर वाटीने मीठ टाकायला घेतलं होतं, ती वाटी सासऱ्यांनी खाली ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन बसले. मिठाविना नुसते आरसे आणि बांध. ते मिठागर नव्हतंच, पाणी साचलेली जागा होती. दोन दिवस ते गच्चीवर गेले नाहीत. जेवणही अर्धंच.

तिसऱ्या दिवशी बायकोच नरमली. "एका अटीवर," ती म्हणाली. "मीठ आहे हे कुणी तोंडातून काढायचं नाही. विचारलं तर साबुदाणा म्हणायचं. नाहीतर थर्माकोल."

"साबुदाना!" सासरे म्हणाले, पण वाटी उचलली. वाळलेल्या खाचरांत पातळ थर, आणि मधल्या मोकळ्या जागेत मिठाच्या तीन राशी.

आता माझी चूक सांगतो. मुलाकडच्या लोकांना वस्तूंची यादी द्यावी लागते. नंतर काही राहिलं, काही हरवलं, असं नको. ती यादी दोन प्रतींत लिहायचं काम माझं होतं. लिहायला बसलो की माझं डोकं एकाच रुळावरून चालतं. परड्या नऊ. सुपल्या चार. साडीच्या काठांची फुलं, डझन अडीच. उरलेलं मीठ तोलून जे वजा केलं त्यावरून आकडाही माझ्याकडे तयार होता. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: मिठागर, नग एक, त्यात मीठ (खरे) सव्वा किलो.

लग्न पनवेलच्या एका हॉलमध्ये झालं. मुलाकडचे लोक बेलपाड्याचे. आमच्यासारखेच आगरी, पण त्यांच्या जमिनीवर आता इमारती होत्या आणि दारात दोन गाड्या. रुखवताच्या टेबलापाशी गर्दी झाली होती. वाकड्या बांधापाशी लहान मुलं वाकून आपापली तोंडं आरशात बघत होती. सासरे धुवट पांढऱ्या कपड्यांत टेबलाच्या टोकाला उभे होते. हात मागे बांधलेले. कुणी जवळ आलं की ते उघाडी उचलून दाखवायचे आणि परत खाली करायचे.

जेवणानंतर मुलाच्या आत्याने यादी मागितली आणि मोठ्याने वाचत एकेक वस्तू खोक्यात ठेवून घेऊ लागली. परड्या नऊ, सुपल्या चार. मग ती थांबली.

"मीठ, कंसात खरे, सव्वा किलो." तिने मान वर केली. "हे खरं मीठ आहे?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी त्याआधी एकदाच पाहिली होती, आणि तेव्हाही कारण मी लिहिलेला कागदच होता.

"लग्नात कुणी मीठ देतं का?" आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आजूबाजूची बोलणी थांबली. "पहिल्याच दिवशी भांडण घरात न्यायचं? हे इथंच ठेवा. राग मानू नका, पण ही वस्तू आमच्याकडे नको."

मुलगी शालूत उभी होती. तिने आजोबांकडे पाहिलं, आणि मला कळलं की ती आता बोलेल. नव्या घरच्या माणसांशी तिचं पहिलं बोलणं हेच होईल, मग ते शब्द वर्षानुवर्षं उगाळले जातील. सासऱ्यांनाही ते कळलं असावं. ते पुढे आले, मिठागराच्या दोन्ही कडा धरल्या आणि म्हणाले, "ऱ्हाऊदे, बाय. मी न्हेतो घरी."

"कुटं न्हेतोस? ठेव खाली."

हे बोलली ती मुलाची आजी. ती इतका वेळ पंख्याखाली खुर्चीत बसलेली होती, झोपली असेल असं आम्हाला वाटलं होतं. दोन नातवांनी धरून तिला टेबलापाशी आणलं. ती वाकली. मग राशीतला एक खडा उचलून तिने जिभेवर ठेवला.

"हे दुकानचं नाय."

"नाय," सासरे म्हणाले.

"कनच्या आगरातलं?"

"सुकापूरच्या. गच्चीवरचं."

आधी आजी हसली, मग सगळे हसले. तिने काडीच्या बायका बोटाने मोजल्या. "सात. आमी नऊ जनी व्हतो. अनवानी. पायाला भेगा पडायच्या नि त्यांत मीठ जायाचं." तिने पहिल्या बाईच्या डोक्यावरची टरफलाची पाटी सरळ केली. "हिचं लुगडं चांगलं हाय. माजं असं नव्हतं."

"आई, पण मीठ द्यायचं नसतं," आत्या म्हणाली. "तूच सांगायचीस."

"द्याचं नसतंच. फुकाट घ्याचं पन नसतं. मीठ इकत घ्याचं असतं." आजीने कमरेची पिशवी सोडली आणि सासऱ्यांकडे वळली. "बोल रं भाऊ. काय भाव?"

सासरे गोंधळले. मला वाटलं ते म्हणतील, तुमच्याकडून कसले पैसे. पण त्यांनी टेबलावरून हात काढले, पाठ सरळ केली, आणि एकदम ते मला अनोळखी, चाळिशीचे, बांधावर उभे असलेले वाटले.

"सव्वा किलो हाय. सा रुपये."

"सा? केशर घातलंस का काय त्यात? तीन देते."

"एसटीचं भाडं हाय. पाच खेपा."

"तुज्या खेपा मी कशाला भरू? साडेतीन."

"खडा बघ की. असा खडा घावतो का आता?"

आजीने आणखी एक खडा उचलला, उजेडात धरला, अगदी सासऱ्यांनी धरला होता तसा. "खडा हाय," ती म्हणाली. "चार. याच्या वर एक पैसा नाय."

सासऱ्यांनी थोडा वेळ घेतला, जसा विकणारा घेतो. मग मान हलवली.

आत्याने यादीतल्या त्या ओळीपुढे खूण केली आणि मिठागर टेम्पोत पुढच्या बाजूला, कुणाच्या तरी मांडीवर, ठेवायला सांगितलं. मुलगी आधी आजीच्या पाया पडली, मग आजोबांच्या.

मिठाचे चार रुपये, एकेक रुपयाची चार नाणी, मुलाच्या आजीने माझ्या सासऱ्यांना रोख दिले.