चुकणाऱ्या बाईंचा वर्ग

चुकलात म्हणून तुम्हाला कधी भर वर्गात बाकावर उभं केलंय का? केलं असेल, तर तोंड शिवून बसणं म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. लाँड्रीच्या माडीवर, जिथली फरशी खालच्या वाफेनं कायम कोमट असते, तिथे अशी तोंडं शिवलेली मोठी माणसं लिहायला-वाचायला, हिशेब करायला शिकायला येतात. त्यांचे टाके उसवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली म्हणते, चुकणाऱ्या बाई!

त्याचं असं झालं. सुरुवातीला वर्गात कुणी हूं की चूं करेना. एकदा फळ्यावर बाईंची बेरीज खरोखरच चुकली आणि वर्गातला एक ट्रकवाला ओरडला, "ओ बाई, हातचा खाल्लात की!" वर्ग खदाखदा हसला, बाई सगळ्यांत जास्त. तेव्हापासून बाई रोज एक चूक मुद्दाम करतात आणि ती पकडायला नुसती झुंबड उडते. गप्प राहायची ती एकटी इस्त्रीवाली मावशी. नजर फळ्यावर, ओठ घट्ट.

आणि परवा तपासणीला साहेब आले! वर्गात शिकणं दिसलं नाही, तर खोलीत मोडक्या खुर्च्या कोंबून बाहेरून कुलूप, असा वरून हुकूम. साहेबांच्या देखत चुकायचं कसं? बाईंनी फळाभर गणितं सोडवली, एकूण एक बरोबर, आणि वळून विचारलं, "काय मंडळी?"

वर्ग चिडीचूप. सगळे डोळे फाडून चूक शोधतायत आणि ती काही सापडत नाही! ट्रकवाला मान खाजवतोय. साहेबांनी तोंड वाकडं केलं, "यांना काही येतं का हो?"

बाईंना वाटलं, गेली खोली!

तेवढ्यात मावशी ताडकन उठली. "बाई, मी सगळं तपासलं. सगळं बरोबर आहे. आजची चूक कुठं लपवलीत?"

"चूक?" साहेब दचकलेच.

"रोज असते. आज साहेबांना घाबरलात होय?"

वर्गात हशा पिकला! बाईंनी हसत, डोळे पुसत सगळं सांगून टाकलं. साहेब उठले, खडू घेतला आणि सात आठे चौपन्न लिहिलं.

"छप्पन्न!" मावशीची आरोळी पार खालच्या इस्त्रीच्या टेबलांपर्यंत गेली. "साहेब, तुम्ही पण?"

साहेबांना हसू आवरेना. "बाई, खोली तुमचीच. पण मागची बाकं रिकामी आहेत. सोमवारी ती भरलेली दिसली नाहीत, तर खुर्च्या यायच्या थांबवणं माझ्या हातात नाही."

आता फक्त माणसं हवीत. तुमच्या घरात, शेजारात कुणी काकू, कुणी दादा शाईचा अंगठा मुठीत लपवत असेल, तर त्यांना लाजवू नका. सोमवारी हाताला धरून माडीवर घेऊन या.