हळदीच्या पानातलं रताळं

आधी काकूंचं सांगतो, माझं मागाहून. कामरगावच्या अलीकडे नाल्याच्या काठाला त्यांचं दोन एकर भाजीचं वावर आहे. वांगी, मेथी, सांबार (कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात, हे कळायला मला आठवडा लागला होता) आणि दिवाळीच्या मागेपुढे रताळी. नात्यानं त्या माझ्या कोणी नाहीत. मी समुद्राकाठचा, कोकणातला. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. तरी आज मी या जिल्ह्यात टिकून आहे तो त्यांनी धरलेल्या एका उपासामुळे. उपास खरा तर माझ्या वाटणीचा होता. धरला त्यांनी.

आता माझं.

मी आठवीतून शाळा सोडली. कारण फार मोठं नाही. गणिताच्या तासाला पोटात गोळा यायचा, तो पुढे पुढे शाळेच्या फाटकापाशीच यायला लागला. मला वाटलं, शाळा सोडली की गोळा शाळेत राहील. तो माझ्याबरोबर आला. गॅस बंद केला का हे मी आजही तीनदा बघतो, आणि तिसऱ्यांदा बघताना पहिल्या दोन वेळांचा भरवसा वाटत नाही.

गावाकडच्या खानावळीत भांडी घासली, मग पोळ्या लाटल्या, मग भाजी हातात आली. तिथून मोठ्या रस्त्याच्या कामावरचा आचारी म्हणून कारंजाजवळच्या कॅम्पात आलो. रस्ता पुढे सरकला तसा कॅम्प पुढे गेला, आणि नव्या मुकादमानं त्याच्या ओळखीचा आचारी आणला. मी मागे राहिलो. आईला मात्र फोनवर सांगत होतो, काम चालू आहे. ती विचारायची, "जेवलंस मां?" आणि मी म्हणायचो, "जेवलंय."

कॅम्पाची भाजी मी काकूंकडूनच घ्यायचो. त्या दिवशी बाजारात त्यांनी मला बॅग घेऊन उभा पाहिला.

"काहून रे कोकण्या? आज भाजीची पिशवी नाही, कपड्याची घेऊन आला?"

सांगून टाकलं. त्यांनी उरलेली वांगी शेजारणीच्या पोत्यावर ओतली, टोपलं डोक्यावर घेतलं आणि म्हणाल्या, "चाल माह्या मागं."

त्यांनी मला नेलं ते आबाजींच्या घरी. आबाजी म्हणजे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, चांगली शेती, आणि अलीकडेच निघालेली शुगर. मुलाचं दुकान कारंजाला, सून, म्हणजे वहिनी, तिथल्याच शाळेत शिक्षिका. दोघं सकाळच्या जीपनं जायचे आणि आबाजी दिवसभर डॉक्टरांना शिव्या देत बसायचे.

"भात बंद केला, साखर बंद केली," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले. "आता तोंड बंद कराचं राह्यलं."

"ते डॉक्टरांच्या हातात नाही," आतून वहिनी म्हणाल्या.

वहिनींनी मला स्वच्छ सांगितलं, "एक महिना पाहू. आबाजी पोटभर जेवले पाहिजेत, पथ्यात राहून, अन् कुरकुर न करता. याच्या आधीचे तिघं गेले."

'कुरकुर न करता' हे ऐकल्याबरोबर मी बॅग पुन्हा उचलली. काकू मात्र बेफिकीर. "याच्या हाताले चव हाय," म्हणाल्या. "नसन तं माह्या वावरात निंदण काढाले पाठवून देजा."

पहिला आठवडा मी पडवळ उकडलं, दोडका उकडला, मुगाचं पातळ पाणी केलं. आबाजी ताटाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे.

"काय रे, मले बकरी समजून राह्यला का?"

दुपारी त्यांचा हात डब्यांकडे जायचा. शेवेचा डबा कुठे लपवला हे मला माहीत नसायचं, त्यांना असायचं. मी घाबरून काकूंच्या वावरात गेलो. त्या रताळी खणत होत्या. एक उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं, माती लागलेलं, उंदरासारखं शेपूट असलेलं.

"हे घाल. पोट धरून ठेवते."

"पण गोड आहे, काकू."

"मंग डाक्टरले इचार. मी का डाक्टर हाय?"

वहिनींनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण भाकरीच्या जागी. भाकरी खाऊन वर नाही. गूळ-साखर घालायची नाही. आणि एका वेळी मुठीएवढं. आबाजींना हे सांगितलं तर त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. "हे माही मूठ."

रताळं भाजायला काकूंनीच शिकवलं. मी ते सरळ चुलीच्या जाळात सारलं होतं; वरून कोळसा आणि आतून दगड. त्या हसून हसून खाली बसल्या. "अरे, जाळ नुसता वरून मारते. आतलं कच्चंच राह्यते, रागावलेल्या माणसावानी. गोवऱ्या जळू दे, राख होऊ दे, मंग राखेत दाब अन् इसरून जाय."

विसरणं मला जमत नाही, म्हणून मी राखेसमोर बसून राहिलो. सालीला सुरकुत्या पडल्या, एका ठिकाणी रस फुटून चिकट काळा थेंब झाला. फोडलं तर आत शिऱ्यासारखं मऊ. त्यावर मीठ, कच्च्या तेलात कालवलेली जवसाची चटणी, बाजूला ताक. आबाजींनी खाल्लं आणि म्हणाले, "हं."

तिघं आचारी गेले त्या घरात 'हं' म्हणजे काय, हे वहिनींच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

मग मी सुटलोच. रताळं किसून ज्वारीच्या पिठात घातलं, मेथी चिरून टाकली आणि पातळ थालीपीठ लावलं. कडा कुरकुरीत, मधे ओलसर. त्याला दोन 'हं' मिळाले. उकडलेल्या फोडी दह्यात घालून वर हिरव्या मिरचीची फोडणी दिली. मुगाच्या डाळीत लसणाबरोबर शिजवलं, डाळ आपोआप दाट झाली. तिसऱ्या आठवड्यात आबाजी हात धुता धुता म्हणाले, "उद्या काय हाय?" त्या दिवशी मी गॅस चारदा बघितला, पण आनंदानं.

महिना भरायला चार दिवस राहिले होते आणि कार्तिकी एकादशी आली.

आबाजी एकादशी मिसरूड फुटल्यापासून धरतात. हळद नाही, हिंग नाही, मोहरी नाही. औषधं असल्यामुळे उपाशी राहायचं नाही हे वहिनींनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. भगर आणि रताळ्याचा कीस करायचं ठरलं होतं. पण काकूंच्या बांधाला हळदीच्या दोन ओळी होत्या, हिरव्यागार, हातभर लांब पानांच्या. आमच्याकडे हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापून, आत गूळ-खोबरं भरून पातोळ्या उकडतात. इथे इतकी हळद पिकते आणि पान कुणी स्वयंपाकात घेत नाही. मला ते बघवेना.

"पानं कायले रे?" काकूंनी विचारलं. "ढोरंबी तोंड लावत नाहीत."

"गंमत आहे."

"ने मंग. तुही गंमत तुले मुबारक."

उकडलेलं रताळं कुस्करलं, त्यात भगरीचं पीठ आणि मीठ मळलं. पानावर पातळ थापलं, आत खोबऱ्याचा कीस, दाण्याचं कूट, वेलची. गूळ नाही, रताळं स्वतःच पुरेसं गोड. पान दुमडून गंजात, म्हणजे इथल्या उभ्या पातेल्यात, चाळणीवर ठेवलं. झाकण उघडलं आणि वाफेबरोबर माझ्या घराचा वास आला. आईची चूल, ओलं अंगण, सगळं. दोन तास मी एकदाही घाबरलो नव्हतो. नेमकी तेव्हाच चूक झाली.

उपासाला हळद चालत नाही हे आमच्याकडेही आहेच. पण माझ्या लेखी पान म्हणजे ताटली. ताटलीला कोण उपास विचारतो?

आबाजींनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसऱ्याला हात घातला. डोळे मिटून म्हणाले, "वास कायचा हाय रे? लय भारी हाय."

आणि मी, छाती काढून, "हळदीच्या पानाचा!"

त्यांनी डोळे उघडले. तिसरं ताटात परत ठेवलं.

"हळद?" मग मोठ्यानं, "एकादशीले हळद?"

सुट्टी होती म्हणून वहिनी घरातच होत्या. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या कोकणात हळद खाऊन उपास करतेत काय रे?" आबाजी विचारत होते. मला 'पान' म्हणायचं होतं, 'ताटली' म्हणायचं होतं. डोळ्यांपुढे बॅग, बाजार, आणि आईचा फोन. वहिनींची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली ती मी पाहिली.

तेवढ्यात काकू भाजीचं टोपलं घेऊन अंगणात आल्या. आबाजींचा आवाज त्यांनी फाटकापासून ऐकला असणार. ताटातली पानं पाहिली, माझं तोंड पाहिलं, आणि टोपलं खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "मीच सांगतलं त्याले, आबाजी."

"काय वं, तू?"

"त्यानं नाही म्हटलं होतं. म्याच म्हटलं, पानाले काही होत नाही. पान येगळं, हळद येगळी. तुमी केळीच्या पानावर जेवले तं केळं खाल्लं का?"

"केळं उपासाले चालते!"

काकू अडकल्या. वहिनींनी तोंडाला पदर लावला.

"बरं, पळसाच्या पत्रावळीवर जेवले तं पळस खाल्ला का?"

"पत्रावळीचा वास पोटात जाते का? याचा गेला. दोन खाल्ले म्या!" मग खालच्या आवाजात, "अन् तिसरं बी खाणार होतो."

त्यांचं खरं दुःख ते होतं. त्यांनी ठरवलं, पुढची एकादशी पाण्याशिवाय धरायची. वहिनी म्हणाल्या, "गोळ्या घ्यायच्या असतात, मी धरू देणार नाही." दोघं हट्टाला पेटले. मग काकू म्हणाल्या, "चूक माही. तुमच्या वाटणीचा निर्जळी मी धरतो. झालं?"

आबाजींनी ताट बाजूला सारलं. "झालं," म्हणाले. आणि मला, "भगर आण."

मी राहिलो. महिना भरला, वहिनींनी स्वयंपाकघराची किल्ली माझ्याकडे दिली. आबाजी मात्र काकूंशी बोलणं बंद करून बसले. भाजी माझ्यामार्फत मागवायचे.

मला वाटलं, काकू विसरतील. पंधरा दिवसांनी एकादशी आली, मी दुपारी पाण्याचा तांब्या घेऊन वावरात गेलो. त्या रताळ्याचे वेल ओढत होत्या, ओठ पांढरे पडले होते.

"इथे कोणी बघत नाही काकू. एक घोट घ्या."

"तांब्या ने तिकडं. पाणी दाखवू नको मले."

"आबाजींना कळणार पण नाही."

"म्या तोंडानं म्हटलं ना?"

"म्हणालात ते तर खोटंच होतं! तुम्ही मला कुठं काय सांगितलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतकं साधंही न कळणाऱ्यानं शाळा सोडली ते बरंच केलं.

"खोटं बोलली, म्हणून तं उपास खरा पाह्यजे," त्या म्हणाल्या. आणि माझं तोंड बघून पुढे, "अन् मले तसंबी बारीक व्हाचं होतं. जाय, घरी जाय. गॅस चालू असन तुहा."

मी खरंच पळत गेलो. बंद होता.

दोनतीन दिवसांनी आबाजींनी मला जवळ बोलावलं.

"आज तिथी कोणती रे?"

"चतुर्दशी."

"उपास नाही ना कायचा?"

"नाही."

"मंग ते पानातलं कर. अन् दोन त्या बाईले नेऊन दे."

काकूंनी बांधावर बसून पान उलगडलं, वास घेतला, खाल्लं. दुसरंही खाल्लं. बोटं चाटून म्हणाल्या, "अगं माय! याच्यासाठी एकच दिवस उपाशी राह्यली मी? सस्त्यात सुटली."

आबाजींना अजून मी खरं सांगितलेलं नाही. दरवेळी ताट वाढताना ओठांपर्यंत येतं आणि तो गोळा त्याला खाली ओढतो. म्हणून हे लिहून काढलं. वहिनींना देणार आहे, त्या आबाजींना आणि काकूंना वाचून दाखवतील. मी तेव्हा चुलीपाशी असेन, पण पळणार नाही, घरातच असेन.

आणि काकू, तुमचं. तुम्ही मला विचारलं होतं, "तुमच्याकडं इतकं पाणी हाय म्हणते, मंग भाजीले काहून पुरत नाही?" मी म्हटलं, खारट आहे. तुम्ही म्हणालात, "बरं हाय, मीठ टाकाव लागत नसन." एक दिवस मी तुम्हाला ते पाणी दाखवणार आहे. आईच्या घरी पाटावर बसवणार आहे, टोपलं नाही, खुरपं नाही, उठायचं नाही. पातोळ्या आई करील, रताळ्याच्या, तुमच्याच वावरातल्या रताळ्यांच्या. तुम्ही नको म्हणेपर्यंत मी वाढत राहीन. आणि त्या दिवशी सकाळपासून मी पाण्याचा थेंब घेतलेला नसेल. तो उपास माझ्याकडे राहिला आहे, काकू. तो मी तिथेच धरीन.