स्क्रीनवर तीस

सहा जणांसमोर साहेबांनी मला हात धुवायला लावले. दोनदा. साबणाने.

गुन्हा एवढाच, मी कॉलमला तळहात लावला होता.

दौंडजवळचा औषधांचा कारखाना. कॉलम म्हणजे माणसाच्या उंचीचा स्टीलचा नळा. वरून कच्चा माल द्रावणाबरोबर सोडायचा, खालून शुद्ध माल वेगळा धरायचा. नळ्याभोवती कोमट पाणी फिरायचं, कारण तापमान हललं की शुद्ध-अशुद्ध एकत्रच उतरतं. त्या हिवाळ्यात तीन बॅच तशाच वाया गेल्या.

आम्ही मांडवगणचे धनगर. आबा मेंढराचा कान धरून ताप सांगायचे. मी कॉलम वरपासून खालपर्यंत चाचपला. वर गार, खाली कोमट. स्क्रीन फक्त खालून आत येणाऱ्या पाण्याचं तापमान दाखवायची. द्रावणाची पिंपं बाहेर थंडीत उभी, तेच गार द्रावण थेट आत जात होतं. साहेबांना म्हटलं, नळी आधी गरम पाण्यातून फिरवून आणा.

"स्क्रीनवर तीस दिसतंय. तू मेंढरं राख. इथं हात लावू नको."

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

आठवड्याने ऑफिसात दोन कागद पुढे आले. एक कायम नोकरीचं पत्र. पाच वर्षं त्याची वाट पाहिली होती. दुसरा माझा जबाब, त्यांनीच टाइप केलेला : ऑपरेटरने हात लावल्याने तापमान बिघडले. जबाबावर सही केली, तरच पत्र मिळणार.

घासाघीस माझ्या रक्तात. म्हणालो, "साहेब, बॅच माझ्यामुळं गेल्या म्हणा. पर हाताची ओळ खोडा."

"ओळ राहील."

"मग सही न्हाई."

साहेबांनी पेन भिंतीवर फेकला. गेटवर ओळखपत्र काढून घेतलं. जबाब सहीविनाच फायलीत गेला.

घरी आबांनी एवढंच विचारलं, "पर हात धुतलंसच कशापायी?"



महिन्याभराने युनिफॉर्म परत करायला गेलो. द्रावणाची नळी गरम पाण्यातून वेटोळं घेऊन येत होती. फळ्यावर 'सुधारणा', खाली साहेबांचं नाव.

आज दौंडला माझी शेड आहे. कारखान्यांना नळ्यांची तसलीच वेटोळी मी वाकवून देतो. त्या कारखान्याचा दोनदा निरोप आला. दोन्ही वेळा एकच सांगितलं : फाइल काढा, ती ओळ खोडा, मग येतो.

साहेब मोठ्या पदावर गेले. फाइल कुणी उघडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

ओळ राहील. माझी अटही राहील.