बिननावाची गुलछडी

विहिरीपासून चिंचेपर्यंतचा अडीच गुंठ्यांचा तुकडा आत्यांनी कधी कुणाला पेरू दिला नाही. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, रंगुबाई. त्या तुकड्यात गुलछडी होती, बाजारात जिला निशिगंध म्हणतात ती. लग्न होऊन आले तेव्हा मला तिथं एकच पांढरं फूल दिसलं. आत्यांना सात जाती दिसत होत्या. एकीची पाकळी टोकाला गोल, एकीचा दांडा वाकडा, एक दिवस मावळायच्या आतच उमलणारी. प्रत्येकीचे कंद वेगळ्या वाफ्यात आणि प्रत्येक वाफ्याला नाव.

नावं सगळी ओळखीच्या बायकांची. वाकड्या मानेची ती गोजरबाई. शेजारच्या खऱ्या गोजरबाईंच्या हे कानावर गेलं आणि त्या महिनाभर विरजण मागायला आल्या नाहीत. सगळ्या फुलून गेल्यावर सावकाश येणारी ती लंका, म्हणजे आत्यांची धाकटी बहीण, जी कुठल्याच लग्नात अक्षता पडायच्या आधी पोचली नव्हती. मी सातवी शिकलेली, म्हणून डालड्याच्या डब्याचे पत्रे कापून त्यावर खिळ्यानं नावं कोरायचं काम माझ्याकडं. मला या प्रकाराचं हसू यायचं, पण तोंडावर हसायची छाती नव्हती.

बाहत्तर साली विहिरीनं तळ दाखवला. आम्ही कंद उकरले, वाळवले, जातवार फडक्यांत बांधले आणि मामंजींनी टोपली माळ्यावर चढवली. शिडीवरून उतरताना ते म्हणाले, "समद्यांची नावं झाली. आमचंच तेवढं न्हाई."

"तुमचं ठिवल्यावर त्याला हाक कुनी मारायची?" आत्या म्हणाल्या.

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. सणावारी उखाण्यात गुंफलं तर चालतं, नुसतं कोरडं नाही. सुनेनंही सासऱ्याचं घ्यायचं नाही. त्यातून मामंजींचं नाव देवाचं. नगरजवळच्या डोंगरावर नाथांच्या दर्शनाला गेलो की आत्या देवालासुद्धा 'डोंगरावरचे' म्हणायच्या.

पुढच्याच आठवड्यात मामंजी कामासाठी नाशिककडं गेले. संक्रांतीला एक कार्ड आलं, खुशाल आहे म्हणून. मग काहीच नाही. माझे मालक, बन्सी (आज नाव घेते, तेव्हा घेत नव्हते), तिकडं जाऊन चार दिवस हिंडून आले. कार्डावरचा पत्ता एका बांधकामाचा होता. ते काम संपलं होतं आणि माणसं पांगली होती.

त्र्याहत्तरला पाऊस झाला आणि आम्ही कंद पुन्हा लावले. त्या वर्षी आत्यांनी मला वैताग आणला. बाई एका जागी टेकायच्याच नाहीत. भाकरी तव्यावर टाकून विहिरीकडं जायच्या, कोंब आला का ते बघायला माती उकरायच्या, पुन्हा झाकायच्या, चार वाफे सोडून पाचवा उकरायच्या. एक वाफा तर त्यांनी महिन्यात तीनदा जागेवरून हलवला. सारखं उकरून पाच कंद कुजले. मी शेवटी म्हणाले, "आत्या, हात लावू नका त्यांना. मरतील."

"न बघता कसं कळंल जित्ते हायेत का न्हाई?" त्या म्हणाल्या. मला माझाच राग आला.

दसऱ्याच्या सुमारास लंकेच्या वाफ्याच्या कडेला एक दांडा उंच गेला. त्याच्या पाकळ्यांच्या टोकाला पोपटी ठिपका होता आणि तोडलेलं फूल पाच दिवस टवटवीत राहिलं. असं आमच्याकडं कधी आलं नव्हतं. आत्यांनी त्याच्याभोवती विटा लावल्या आणि मला कोरा पत्रा मागितला.

"काय कोरू?"

"काय बी नगं. ही त्यांची."

"मग त्यांचं नाव कोरते की. बोलायचं कुठं आहे?"

"लिवलं म्हंजी घ्येतलंच. आन् तू बी सून हायेस, माले." कोरा पत्रा तसाच रोवला गेला.

ग्रामसेवकांनी ते फूल पाहिलं आणि श्रीगोंद्याच्या शेती प्रदर्शनात आणा म्हणाले. तिथं नवी जात नावासकट नोंदवली की तालुक्याची रोपवाटिका तिचे कंद वाढवून गावोगाव देणार होती. आत्यांनी दोनदा विचारलं, "नावासकट?" त्या रात्रीपासून त्यांच्या मनानं एकच घेतलं: फूल मामंजींच्या नावानं फिरेल, कुठल्यातरी गावात त्यांच्या कानावर जाईल, आणि त्यांना कळेल घरी वाट बघताहेत. मला ते वेड वाटलं. पण दुसरं काही सुचवायला माझ्याकडं तरी काय होतं?

प्रदर्शन शाळेच्या मैदानात मांडवाखाली होतं. आम्ही चार छड्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या. नोंदीच्या टेबलावर आप्पासाहेब नावाचे चष्मेवाले गृहस्थ बसले होते. त्यांनी फूल निरखलं, वास घेतला, खूश झाले आणि विचारलं, "जातीचं नाव?"

मागं रांग वाढत होती. आत्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभ्या होत्या, पदराचं टोक पिळून पिळून त्याची वात झाली होती.

"नाव नसेल तर मी सुचवतो," आप्पासाहेब म्हणाले. "धवलश्री. छान आहे की." आणि त्यांनी पेन टेकवलं.

"थांबा, मी लिहून देते," म्हणत मी पेनाला हात घातला, तर आत्यांनी माझं मनगट धरलं. बांगडी रुतेल इतकं घट्ट.

एव्हाना आप्पासाहेबांच्या लक्षात आलं. माणूस वाईट नव्हता, थट्टेखोर होता. "असं आहे होय! मालकांचं नाव आहे. मग लाजता कशाला, घ्या की उखाणा."

रांगेतल्या बाया हसल्या. कुणीतरी म्हणालं, "घ्या, घ्या." आत्यांनी मागं वळून सगळ्यांकडं पाहिलं. उखाणा घ्यायला नवरा घरात, निदान गावात तरी लागतो. हे त्या हसणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? मला त्या क्षणी मांडव उलथून टाकावासा वाटला.

"गोरक्षनाथ," आत्या म्हणाल्या. आवाज फुटका होता. मग घसा साफ करून पुन्हा, स्वच्छ, "गोरक्षनाथ भिमाजी दरेकर. लिवा."

आप्पासाहेबांनी मान खाली घालून लिहिलं. आत्या माझ्याकडं वळल्या. "तेवीस वरसं न्हाई घ्येतलं. जायचा तो गेलाच की," त्या म्हणाल्या. मला रडू आलं. त्यांना नाही.

निकालाला त्या थांबल्या नाहीत. भराभर चालत स्टँडवर आल्या. मी मागून धापा टाकत होते. आमची गाडी लागायला तासभर होता. नाशिकची गाडी समोर उभी होती. आत्या सरळ तिच्या दाराशी गेल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, "दादा, गोरक्षनाथ दरेकर म्हनून कुनी तिकडं भेटला तर सांगाल का?"

मी जागच्या जागी उभी राहिले. दर बाजाराला त्या याच स्टँडवर येऊन गाड्यांना विचारत आल्या होत्या आणि मी पिशवी धरून शेजारी असायची. त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं ते एवढंच: "आमच्या बन्सीचा बाप दिसला का?" परमुलखात कोण बन्सी आणि कोण त्याचा बाप? मला सातवी शिकून ते एकदाही खटकलं नव्हतं.

आत्या पुढच्या गाडीकडं गेल्या. मग त्याच्या पुढच्या. त्या दुसऱ्या टोकाकडं निघाल्या तशी मी पिशवी खाली ठेवली, या टोकाच्या गाडीचं दार गाठलं आणि सासऱ्याचं नाव घेतलं.