अकरा नंबरची जर्सी

शाळेची बस चालवून चालवून जॅनिस ओल्डरॉइडचा आवाज असा कमावला गेला होता, की शेवटच्या सीटवरचं कार्टंसुद्धा चूप बसायचं. यॉर्कशरमधल्या त्या खाणगावानं आपल्या रग्बी लीग टीमचं कोचपद तिला दिलं, तेव्हा भल्याभल्यांनी नाकं मुरडली. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. टीम थेट कपच्या फायनलला नेऊन दाखवली.

फायनल शनिवारी होती. गुरुवारी संध्याकाळी क्लबच्या बारमध्ये टीम ठरायची. ज्याच्यावरून वाद, त्यानं सगळ्यांसमोर खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, अशी तिथली रीत. त्या खुर्चीत आज जॅनिसचा मुलगा बसला होता, जोएल. त्याच्या बापाला हयातीत फायनल लाभली नाही. लेकाला तरी लाभावी, असं तिलाही मनापासून वाटत होतं.

"अगं, फॉर्म बघ की पोराचा!" म्हातारा आर्थर गरजला. तो क्लबचा जुना खेळाडू. "बॉल हातात आला की सुटलाच!"

"आणि बॉल समोरच्याच्या हातात असला की?" जॅनिस म्हणाली. "याच्या बाजूनं लोक बाजारात फिरायला आल्यासारखे आत येतात."

"दमला असेल गं."

"मग गळे कशाला धरतो? कंबरेत घुसायचं सोडून एका हातानं मानेला लोंबकळतो. रेफरी काय आरती ओवाळणार? दोनदा दहा-दहा मिनिटं बाहेर काढलं. बाकीच्या बारा जणांनी याचं ओझं वाहायचं, कोचचा लेक म्हणून?"

"याचा बाप बरगडी मोडली तरी टॅकलला जायचा, समोरच्याला आडवा पाडायचाच," कोपऱ्यातून कुणीतरी बोललं.

जोएलनं मान खाली घातली. जॅनिस मात्र हटली नाही.

"अकरा नंबर बॅरी सग्डन घालेल."

बॅरी प्लंबर. पळायला बैल, पण त्याला ओलांडून कुणी जात नसे.

बाद झालेल्यानं आपली जर्सी स्वतःच्या हातानं नव्याच्या अंगात चढवायची, हाही तिथला रिवाज. जोएल उठला. उजव्या हातानं त्यानं जर्सी उचलली. डावा हात लोंबतच राहिला. शेवटी बिचाऱ्या बॅरीनंच वाकून डोकं आत घातलं. लोक हसले. जॅनिस हसली नाही.

"डावा हात वर कर."

"राहू दे ना, आई."

"कर म्हणते ना!"

हात छातीपर्यंत आला आणि अडला. पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

"कधीपासून?"

"महिना झाला."

"आणि बोलला नाहीस, गाढवा?"

"बाबा बोलले होते कधी?"

जॅनिसला संताप आला. मेलेल्या नवऱ्याचा आला, त्याची ती बरगडी दर गुरुवारी मिरवणाऱ्या या बारचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. एका हातानं मानेला लोंबकळणारं पोर ती महिनाभर बघत होती, आणि तिला दिसला होता फक्त आळस. आई म्हणे!

"एक इंजेक्शन ठोकलं तर शनिवारी—" आर्थर म्हणाला.

"आर्थर, अजून एक शब्द काढलास तर बघ! बॅरीच खेळणार."

तिनं जोएलचा कोट आणला आणि दुखऱ्या हाताची बाही आधी चढवली.

"चल हॉस्पिटलला."

"पण टीम ठरायचीय अजून."

"ठरवतील त्यांची ते. चल."

जोएल दोन पावलं चालला आणि भर बारमध्ये, सगळ्यांच्या देखत थांबला.

"आई, फार दुखतंय गं," तो म्हणाला.