सरांच्या वहीतली माझी खाण

खोटं बोलायचं तर निदान डोक्यावरची टोपी काढून बोलावं, हे मला माझ्या सरांनी शिकवलं. पण फार उशिरा.

सर म्हणजे आमचे मायनिंगचे प्रोफेसर. कॉलेज होतं तिकडे कोळशाच्या पट्ट्यात. रिटायर झाल्यावर लेकीजवळ राहायचं म्हणून सर आणि काकू दिल्लीला, मयूर विहारच्या सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आले, तिसऱ्या मजल्यावर. हातात कायम पितळी टोकाची काठी. खाणीत शिरलं की आधी काठीनं छत ठोकायचं. खणखणीत वाजलं तर पुढे, बद्द वाजलं तर मागे. ही सवय दिल्लीतही सुटली नव्हती. कुणाच्याही घरी गेले की नमस्कार नंतर, आधी काठी वर. एकदा शेजारच्या मोठ्या साहेबांच्या बैठकीत ठोकून म्हणाले, "बद्द आहे. सोफा सरकवा." साहेबीणबाईंनी सोफा सरकवला, पण सरांशी बोलणं टाकलं.

वर्गात मात्र हा माणूस एका गोष्टीवर कधी हसला नाही. "कॉपी केलीत तर माफ करीन. खाणीचा रिपोर्ट खोटा दिलात तर माझ्या दारात पाय ठेवायचा नाही. त्या कागदाच्या भरवशावर कुणीतरी छताखाली उभं राहतं."

आणि मी काय केलं? तीन वर्षं कोळशाच्या खाणीत काढली आणि धूम ठोकली! का नाही ठोकणार? देशाची दारं उघडली होती, रोज नवी परदेशी कंपनी येत होती, आणि मी तिकडे काळं थुंकत बसू? गाझियाबादला भाड्याची खोली घेतली आणि कोल्ड्रिंकच्या कंपनीत सेल्सला चिकटलो. फक्त सरांना कळवायचं तेवढं राहिलं.

मग एके दिवशी करोल बागेत, भर दुपारी, समोरून काठी आली. काठीमागे सर. माझ्या शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव, हे एवढं मोठं. मी झटकन खिशावर हात दाबला.

"छातीत दुखतंय का रे?"

"नाही सर. बदली झालीय हेड ऑफिसला. खाण आमच्याच ऑफिसकडे आहे अजून." जिभेला हाड नाही म्हणतात ते काय उगाच?

"वा! मग रविवारी ये. काकू खिचडी करते साबुदाण्याची."

झालं. दर रविवारी मी बसनं यमुनापार, ताटात खिचडी, आणि समोर सर वही उघडून. "हं, काय म्हणते तुझी खाण?" मी खाण बांधत गेलो. पहिल्या रविवारी कोळशाचा थर पूर्वेला उतरता होता. तिसऱ्या रविवारी पाणी पश्चिमेला साचलं. सर शांतपणे लिहून घेत. म्हणत, "बिल्कुल. पुढे?" खरं सांगतो, मला मजाही यायला लागली होती. एक पंप बिघडवला, दुरुस्त केला, पुन्हा बिघडवला. काकू म्हणायच्या, "किती रे काम तुला! घे अजून थोडी."

एका रविवारी मी सहज विचारलं, "सर, हे सगळं लिहिता कशाला?"

"पुस्तक लिहितोय. छताच्या आधारावरच्या धड्यात तुझी खाण घालीन म्हणतो."

माझ्या घशात शेंगदाणा अडकला. माझे थापांचे आकडे पुस्तकात? उद्या एखादा नवा इंजिनिअर ते वाचून तसेच खांब लावणार आणि खाली माणसं उभी करणार! आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. सांगितलं तर सरांचं दार बंद. नाही सांगितलं तर कुणाच्या तरी डोक्यावर छत. मला ते दार हवं होतं हो. आख्ख्या दिल्लीत माझी वाट बघणारं तेवढं एकच दार होतं.

रविवारी चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. "सर, खाण नाहीये. मी कोल्ड्रिंक विकतो. पुस्तकात काही घालू नका. येतो मी."

सरांनी काठी उचलली आणि पितळी टोकानं माझ्या छातीवर हलकेच ठोकलं. "आज वाजलं खणखणीत. गाढवा, आत ये."

"तुम्हाला माहीत होतं?"

"करोल बागेतच. खिशावर हात ठेवलास, पण टोपीवर कोण ठेवणार होतं? तिच्यावरही तेच नाव!"

काकू आतून इतक्या हसल्या की झारा पडल्याचा आवाज आला. सरांनी वही पुढे केली. वर लिहिलं होतं: 'या खाणीतल्या चुका शोधा.' आणि खाली मॅनेजर म्हणून चक्क माझं नाव. खाणीच्या मॅनेजरच्या परीक्षेला बसणारे काही विद्यार्थी शनिवारी त्यांच्याकडे शिकायला यायचे, त्यांना सर हा प्रश्न घालत. "अकरा त्यांनी शोधल्या, बारावी मी. तेरावी सापडली तर सांग. आणि पुढच्या रविवारी तो पंप पुन्हा बिघडव, पोरं विचारतायत."

मग दोन वर्षं मी राजरोस थापा मारल्या. तसे रविवार मला पुन्हा मिळाले नाहीत.

पुढे बढती मिळाली, गुडगावच्या नव्या ऑफिसात गेलो. रविवारी मीटिंगा लागायला लागल्या. आधी फोन करून नाही म्हणायचो, मग फोनही राहिला. आणि एक दिवस काकूंचाच फोन आला. सर दुपारी झोपले ते उठले नाहीत.

तेराव्याला काकूंनी वही माझ्या हातात ठेवली. शेवटच्या पानावर सरांच्या अक्षरात नवा प्रश्न होता: 'या खाणीत भरवशाची अशी एकच गोष्ट आहे. कोणती?' खाली लाल शाईत उत्तर: 'मॅनेजर. दर रविवारी न चुकता हजर असतो.'

मी गेलो नव्हतो त्याला नऊ रविवार झाले होते.

काकूंकडे पेन मागितलं आणि त्या ओळीखाली लिहिलं, 'तेरावी चूक.'

"काय लिहिलंस रे?" काकूंनी विचारलं.

"सरांनी शोधायला सांगितली होती," मी म्हटलं. "सापडली."